आईचे गाल

या सौद्यात शर्वरीबाई नाईकनवरेंना तीन गोष्टी मिळणार होत्या. टायफॉइडने बसलेले लेकीचे गाल भरणार होते, साखरपुड्याचे फोटो चांगले येणार होते आणि "पोरगी वाळली हो" म्हणणाऱ्या जाऊबाईंचं तोंड बंद होणार होतं. तिसरी गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितली नाही.

पेशींपासून ऊती वाढवणाऱ्या मिरजेच्या ऊतिशाळेत डॉ. मुजावरांनी समजावलं, "गालांत घालायला केतकीच्याच पेशींचं भरण वाढवायला सहा आठवडे लागतील. घाई असेल तर तयार जेल आहे."

"साखरपुडा पंधरवड्यावर आलाय. आणि बाहेरचं काही नको. मागे साठवायला दिलेल्या माझ्या पेशी आहेत ना तुमच्या शीतपेढीत? त्या घाला. घरचं ते घरचं."

"ताई, तुमच्यातलं निम्मंच तिच्यात आलंय. उरलेलं निम्मं तिच्या शरीराला परकं. त्यावर झाकणरेणू चढवून शरीराला चकवता येतं, पण झाकण किती टिकेल ते सांगता येत नाही."

"नऊ महिने पोटात होती, तेव्हा नाही परकी झाली!"

"तेव्हा तुमच्या शरीराने तिला सांभाळलं. आता तिच्या शरीराने तुम्हाला सांभाळायचंय."

"सांभाळते की रोजच," केतकी हसली. "घाला डॉक्टर. सासरी आईचे गाल तरी बरोबर येतील."

लग्न थाटात झालं. चौथ्या वर्षी झाकण विरलं आणि गालांत हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या. रक्षकपेशींनी परक्या पेशींना वेढा घातला होता. त्या वेढ्यातच 'ड' जीवनसत्त्व अतोनात तयार होऊ लागलं, रक्तातलं कॅल्शियम चढत गेलं आणि मूत्रपिंडांत साचू लागलं. आईला वाईट वाटेल म्हणून केतकी आठ महिने गाठींवर पावडर लावत राहिली. तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.

"माझी किडनी घ्या," शर्वरीबाई म्हणाल्या. "दोन्ही घ्या."

मुजावरांनी तपासणीचा कागद खाली ठेवला. "गाठी काढल्या, पण शरीराने एकदा शत्रू ओळखला की ते विसरत नाही. तिच्या रक्तात तुमच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं भरली आहेत. अनोळखी माणसाची एखादी चालेल, ताई. तुमची लावली तर तासाभरात जाईल."

ऊतिशाळेत मूत्रपिंड अजून वाढवता येत नव्हतं. वडील हयात नव्हते, भावंड नव्हतं, नवऱ्याचं जुळलं नाही. अनोळखी माणसाच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत केतकीचा नंबर वेळेत लागला नाही.

साखरपुड्याचे फोटो खरंच चांगले आले होते. भरल्या गालांचा त्यातलाच एक हार घालायला निवडला. जाऊबाई दारात उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

शर्वरीबाईंना ठरलेलं सगळं मिळालं. किंमत केतकीने चुकवली. द्यायला आणलेली किडनी तेवढी आईच्या अंगातच राहिली.