मुकादमाचा खांदा

अठराशे चौसष्ट साली वऱ्हाडात गडी मिळेना. विलायतेला कुठूनसा कापूस येईनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला भाव आला. जो तो उठला की खामगावला गाठी बांधायला पळाला. अशा वैशाखात अमरावतीचे पाद्रीसाहेब सहकुटुंब चिखलदऱ्याला निघाले. अकोल्याकडचे पाद्रीही तिथं जमणार होते. प्रार्थना करायची, रानातली जनावरं पाहायची, थंड हवेत पाठ टेकायची. मडम आजारातून उठलेली, लेक लुशी लहान. घाट चढायला डोली हवी होती. म्हणून अचलपूरला उतरताच मडमनं जमुनेला भोईपुऱ्यात पाठवलं.

जमुना ही लुशीची आया. जातीची भोईण आणि त्याच पुऱ्यातली सून. मागल्या वैशाखात तिचा नवरा गोवर्धन असाच एक डोली घेऊन घाट चढला, तो परत आलाच नाही. मुकादम नत्थुजीनं दारात उभं राहून सांगितलं, की तो कापसात गेला खामगावले. सगळेच जात होते, मग खोटं कोणाला वाटावं? सासूनं सुनेलाच बाहेर काढलं, हिच्या तोंडाला कंटाळून पोरगा पळाला म्हणून. तेव्हापासून जमुना रोज कुंकू लावी आणि लावता लावता नवऱ्याच्या नावानं बोटं मोडी. रांड झाली असती तर जातीत पाट लागून दुसरा घरोबा तरी झाला असता. टाकलेल्या बाईला तेही नाही.

नत्थुजी ओट्यावर तंबाखू मळत होता. जमुनेला पाहून त्याचा अंगठा थांबला. आधी म्हणाला, माणसं नाहीत. मग म्हणाला, माणसं आहेत पण दिवस बरा नाही. शेवटी विचारलं, ती संगं येणार काय? जमुनेनं सुनावलं, की डोली मडमची आहे, जमुनेच्या बापाची नाही. पुऱ्यातले चार जण हसले. मुकादमाला नाही म्हणता येईना.

पहाटे निघाले ते अंधार पडायच्या आत सहज वर पोचले असते. पण घाटाच्या मध्यावर साहेबांना पाणवठ्यावर गवे दिसले. साहेब घोड्यावरून उतरले, दुर्बीण लावून जे बसले ते उठेचनात. शालिकराम म्हणून तरणा भोई होता, तो पुटपुटला, "साहेबाले गवा पाहाचा हाय. गव्याले साहेब पाहाचा हाय का, हे कोणी पुसलं?" भोई हसले. नत्थुजी तेवढा हसला नाही. तो सारखा वरच्या वळणाकडे पाहत होता.

गवे गेले, सूर्यही गेला. वद्य अष्टमीची रात्र, चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता. साहेब मशालजीला घेऊन घोड्यावर पुढं गेले. मागं डोली, डोलीमागं कंदील घेऊन जमुना.

डोलीच्या मागल्या भोयांना वाट दिसत नाही. पुढचा सांगतो, गोटा हाय, काटा हाय, उजवीकडे दरी. मागचे हो म्हणतात आणि तसं पाऊल टाकतात. त्या हाकेवर त्यांचा जीव. आणि दुसरी हाक असते खांदा दे. थकलेल्यानं ती दिली, की भरल्या ताटावरून उठून जावं लागतं. न जाणाऱ्याला जात माफ करत नाही.

पुढं नत्थुजी होता, त्याच्या बाजूला शालिकराम.

"गोटा हाऽय."

मागचे हो म्हणाले. गोटा होताच.

"काटा हाऽय."

काटाही होता. शालिकरामानं हळूच विचारलं, "मुकादम, तुमी बोलले?"

नत्थुजी पावलं टाकतच राहिला.

जमुनेनं तो आवाज ओळखला. शेवटचा 'हाय' असा ओढणारा माणूस अख्ख्या पुऱ्यात एकच होता. तो झोपेतही असाच बरळायचा. आणि आवाज नत्थुजीच्या तोंडून येत नव्हता. त्याच्याही पुढून येत होता.

"सरळ वाट... सरळ..."

डोली सरळ निघाली.

जमुना धावत पुढं आली. कंदील वर धरला. वाट उजवीकडे वळली होती. सरळ काहीच नव्हतं. नत्थुजीच्या पायाची बोटं कड्यावर होती... खाली काळोख.

"टेकवा डोली," ती म्हणाली.

टेकवली. मडम लुशीला छातीशी धरून उतरली. ती पोथीतलं मराठी बोलायची. म्हणाली, "जमुना, पुढे कोण बोलतो? भोई तर चारच आहेत."

जमुनेनं उत्तर दिलं नाही. कंदील नत्थुजीच्या तोंडाजवळ नेला.

"थो कोठी हाय?"

"ताप होता त्याले," नत्थुजी म्हणाला. "येथीच बसवलं... खांदा दे म्हने. मी म्हनलं, डोली पोचवून येतो."

"मंग?"

"वर गेलो. संगचे दोघं वरूनच कापसात गेले. मी जेवलो... डोळा लागला."

"अन् सकायी?"



"रगत होतं... ओढत नेल्यावानी."

"खामगाव काहून सांगतलं?"

"जातीबाहेर टाकलं असतं मले."

जमुना रडली नाही. वर्षभर तिनं वाघानं नेलेल्या माणसाला शिव्या दिल्या होत्या. त्याच्या नावानं ना पिंड, ना पाणी. ती दरीकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा, उखाण्याविना, नवऱ्याचं नाव घेतलं.

"गोवर्धन. पोरगी अन् मडम माह्या जिम्म्यात हायेत. त्याइले हात लावशीन तर मी तुही कोनी नाही." ती थांबली. मग बाजूला सरली. "हा तुहा मुकादम. ने."

वारा पडला. रातकिडे गप्प झाले.

मग अगदी जवळून...

"मुकादम... खांदा दे."

नत्थुजीचा उजवा खांदा खचला. कोणी वर काही ठेवावं तसा. गुडघे वाकले. हात वर गेला, दांडी धरतात तसा... हातात दांडी नव्हती.

"येतो," तो म्हणाला.

आणि घाट उतरू लागला. शालिकराम त्याला धरायला धावला. जमुनेनं त्याचं मनगट पकडलं.

"जाऊ दे. एक वर्स उशीर झाला त्याले."

दुसऱ्या दिवशी सगळे माघारी उतरले, तेव्हा नत्थुजी सापडला तो थेट अचलपूरच्या मसणवटीत, नदीच्या काठी, पालथा. प्राण गेलेला. उजव्या खांद्याचं हाड आत बसलेलं. साहेब म्हणाले, उष्म्यानं झालं. जमुना नदीत उतरली, कुंकू पुसलं, गोवर्धनाच्या नावानं पाणी सोडलं. पुऱ्यातल्या बाया आपणहून तिच्या बाजूला येऊन बसल्या, सासूही.

साहेबांचं म्हणणं कोणी खोडलं नाही. पण त्या वळणापासून मसणवटीपर्यंत माणसाच्या पावलांची एकच ओळ उमटली होती, टणक मुरमात, घोट्याएवढी खोल. त्याच मुरमावरून साहेबांचा घोडा गेला, त्याच्या नालेचा ओरखडासुद्धा उठला नव्हता.