शलाकाची न झालेली सर्दी

ही गोष्ट २०४३ सालची. कऱ्हाडात तेव्हा रक्त तपासायला रोबो आले होते, पण शाळेतला हादगा होता तस्साच होता. आश्विनात पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, मुलींनी हात धरून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची.

हादग्याच्या पहिल्या दिवशी निशिगंधा सहा महिन्यांनी शाळेत आली. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. तिला ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) झाला होता. ती थेट आपल्या जिवलग मैत्रिणीजवळ, शलाकाजवळ आली आणि तिनं हात पुढे केला.

शलाकानं आपला हात पाठीमागे नेला.

"मला सर्दी झालीये," ती म्हणाली. "तुला लागेल."

सर्दी कसली आणि काय! अकरा वर्षांची शलाका घाबरली होती. मास्क लावलाय म्हणजे आजार लागणारा असणार, हे तिचं गणित. निशिगंधाची बोटं क्षणभर तशीच हवेत राहिली. मग ती पायरीवर जाऊन बसली. त्या दिवशीची खिरापत काय होती, ते शलाकाला कधीच आठवलं नाही.

शलाकाची आई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करी. शाळा सुटली की शलाका तिथंच अभ्यास करत बसे. संध्याकाळी निशिगंधाची आई, वैजूकाकू, लेकीचा अहवाल न्यायला आल्या.

"पोरगी असावी तर तुमच्या शलाकासारखी!" त्या म्हणाल्या. "सर्दी होती म्हणून निशूचा हात धरला नाही हो तिनं. इतक्या पोरींत हिलाच तेवढी समज. निशूनंच सांगितलं मला."

त्यांनी शलाकाच्या हातावर पेढा ठेवला. तो तिला खाववेना. मुठीत धरून धरून त्याचा चिखल झाला.

आई आतल्या खोलीत गेल्यावर शलाका मोजणीबाईंसमोर उभी राहिली. मोजणीबाई म्हणजे रक्तपेशी (रक्तातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जिवंत कण) मोजणारा रोबो. बोलणं जुन्या मास्तरीणबाईंसारखं, म्हणून ते नाव पडलेलं.

शलाकानं बोट पुढे केलं. "माझं रक्त तपासा. निशूची बोटं माझ्या बाहीला लागली होती."

"बाहीतून ल्युकेमिया? नवीनच ऐकते मी! बस इथं. मोठ्या हाडाच्या आत काय असतं?"

"माहीत नाही."

"अस्थिमज्जा (हाडातला मऊ गर). ती रक्तपेशींची शाळा समज. पेशी तिथं जन्मतात, एकेक इयत्ता चढतात आणि शिकून झालं की कामाला निघतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, बिंबिका (चपटे, बारीक कण) वाहतं रक्त थांबवतात. आता एखाद्या कोवळ्या पांढऱ्या पेशीच्या आतल्या सूचना बिघडल्या. ती पहिलीतून पुढे जाईना, शाळाही सोडेना, वर आपल्यासारख्या आणखी आणून बसवायला लागली. मग बाकीच्यांनी बसायचं कुठं?"

"म्हणून निशू जिना चढताना दमायची?"

"तांबड्या कमी पडल्या, म्हणून दम. बिंबिका कमी, म्हणून अंगावर निळे डाग. असाच बिघाड लसिकाग्रंथींत (गळ्यातल्या, काखेतल्या, जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठी) सुरू झाला, तर त्याला लिम्फोमा म्हणतात."

"पण सूचना बिघडतात कशानं?"

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तिची चूक नव्हे, तिच्या आईचीही नव्हे. आणि हा बिघाड हात धरून, डबा खाऊन दुसऱ्याला लागत नाही."

"मग मास्क कशाला?"

"औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात बिघडलेल्या जातात, केसांच्या मुळाशी असलेल्या जातात आणि लढणाऱ्या चांगल्या पांढऱ्याही जातात. म्हणून मास्क तुमच्यासाठी नाही गं. तुमच्यापासून तिला जपण्यासाठी आहे. तुझी साधी सर्दी तिला आठवडाभर इथं झोपवेल. मघाशी काकू सांगत होत्या, ते ऐकलं मी. हात धरला नाहीस, ते शहाणपणाचंच केलंस."

शलाकाचे कान तापले. "मला सर्दी नव्हती," ती कशीबशी म्हणाली.

मोजणीबाईंचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. "खोटेपणा मोजायची सोय माझ्यात नाही. ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती निशिगंधाच्या फाटकाशी गेली. आत जायचा धीर होईना. निशिगंधाच बाहेर आली.

"मला सर्दी नव्हती, निशू."

"माहितीये. तुला सर्दी झाली की तू 'म'चा 'ब' करतेस. काल 'मला'तला 'म' जागच्या जागी होता."

"मग काकूंना तसं का सांगितलंस?"

"आई विचारत होती, कुणी हात धरला का म्हणून. तिचे डोळे भरले होते. काहीतरी सांगायला नको?"

शलाकाला रडू फुटलं.

"रडू नकोस. नाक वाहायला लागलं की खरंच लांब उभं राहावं लागेल," निशिगंधा म्हणाली. पण हसली नाही. "आणि हादगा संपेपर्यंत माझ्याशी बोलूही नकोस."

शलाका बोलली नाही. रोज कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन फेरात उभी राहायची आणि डावा हात मोकळा सोडायची. निशिगंधा पायरीवरून नुसती बघायची. शेवटच्या दिवशी, गाणं अर्ध्यावर आलं असताना, ती उठली आणि तिनं तो हात धरला. इतका घट्ट, की दुखला.

आता त्याला बावन्न वर्षं झाली. मोजणीबाई रुग्णालयातून निवृत्त होऊन शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात असतात. कुणी बटण दाबलं, तर अजून "बस इथं" म्हणतात. वैजूकाकू शेवटपर्यंत शलाकाच्या समजूतदारपणाचं कौतुक सांगत राहिल्या आणि ते दर वेळी मान खाली घालून ऐकणं शलाकाला चुकलं नाही. निशिगंधाची औषधं अडीच वर्षं चालली. तेव्हा सगळीच मुलं बरी होत नसत, ती झाली. पुढे धरणावर अभियंता झाली.

शलाका बिघडलेल्या पेशी ओळखायला चांगल्या पांढऱ्या पेशींना कसं शिकवायचं, यावर संशोधन करत राहिली. आता पुष्कळ मुलांना केस गळवणारी औषधं घ्यावी लागत नाहीत. उरलेल्यांसाठी तिचे विद्यार्थी झटताहेत.

पण दर आश्विनात, हादग्याच्या पहिल्या दिवशी, निशिगंधाचा फोन येतो. "काय गं, सर्दी कशी आहे?"

आणि त्रेसष्ट वर्षांच्या शलाकाचे कान अजून तापतात.