बरणीतलं करडू आणि अर्धी गोष्ट

"परत वाजलं!" दोरा कुजबुजला. "टण. ऐकलंस?"

"पाइप आहे तो. पहारेकरी काका म्हणाले ना," सुई म्हणाली.

सुई आणि दोरा ही कोपऱ्यावरच्या शिंप्याची जुळी मुलं. ही नावं त्यांच्या बाबांनीच पाडलेली. गोदामाच्या भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या तिसरीचं नाव जुळ्यांनी 'गुपचूप' ठेवलं होतं. सुट्टीसाठी आत्याकडे येऊन तिला बारा दिवस झाले होते, आणि बारा वाक्यंही ती बोलली नव्हती. आई तिला नव्हतीच. बाबा जहाजावर, आत्या दिवसभर पोस्टात. घरात ती आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच. घड्याळच काय ते बोलायचं.

ती कुठंही असली तरी बाबांचा फोन दर शनिवारी संध्याकाळी यायचा, पाच मिनिटांचा. दर वेळी ते एखाद्या म्हणीमागची गोष्ट सांगत आणि नेमका शेवट आला की लाइन कट. मागची विचारली, तर "आता नवी ऐक." तिच्या वहीत अशा सात अर्ध्या गोष्टी होत्या. आठवडाभर ती त्यांना शेवट लावून बघायची, पण एकही पटायचा नाही.

"आपण बोललो की पाइप गप्प कसा बसतो?" गुपचूपनं विचारलं.

जुळी तिच्याकडे बघतच राहिली. मग दोरा सुईच्या खांद्यावर चढला आणि खिडकीतून डोकावला.

"अगं, इस्त्रीवाल्या काकांचं करडू! तोंड बरणीत अडकलंय त्याचं!"

इस्त्रीवाले काका सकाळपासून ते करडू शोधून थकले होते. पहारेकऱ्यानं आत न बघताच कुलूप लावलं होतं आणि तो खुशाल जेवायला गेला होता. मुलांनी दोघांनाही धावत जाऊन आणलं. कुलूप उघडलं, सगळ्यांनी मिळून ओढलं. चिनी मातीची ती भलीमोठी बरणी काही निघेना. ओढलं की करडू घुसमटायचं आणि पाय झाडायचं.

इस्त्रीवाल्या काकांनी दगड उचलला.

"खबरदार!" बाहेरच्या ट्रकमधून आवाज आला. गोदामाचे साहेब उंच केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते. खाली चिखल होता आणि त्यांचे बूट नवे होते. "बारा बरण्यांचा संच आहे तो. एकही फुटता कामा नये. ट्रक आत घ्या, करडासकट बरणी चढवा, डॉक्टरकडे नेऊ."

"साहेब, दारातून ट्रक जात नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मग दाराची चौकट काढा!"

"तुम्ही जरा खाली येऊन बघा ना," काका काकुळतीला आले.

"इथून सगळं दिसतंय मला."

ट्रकवरच्या हमालांनी घण आणले. चौकटीवर घाव पडू लागले आणि आत टणटण मंदावत गेली. गुपचूपनं आत पाहिलं. अंधारात एकटं अडकलेलं ते पिल्लू, आणि बाहेर माणसं दार पाडण्यात गुंतलेली. हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मागच्याच शनिवारी!

ती ट्रकपाशी गेली.

"साहेब, उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तुम्हाला माहितीये? मला अर्धीच येते. वासराचं डोकं रांजणात अडकलं, म्हणून गावानं शहाण्याला बोलावलं. तो उंटावरून उतरेना, म्हणून वेशीचं दार पाडलं. पुढे काय झालं?"

घण थांबले. हमालांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. समजावून सांगायची त्यांना सवयच होती. "त्यानं वरूनच सांगितलं, वासराची मान कापा. लोकांनी कापली. डोकं आतच राहिलं. मग तो म्हणाला, आता रांजण फोडा..."

ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आतून एकच टण ऐकू आलं, अगदी बारीक.

साहेब खाली उतरले. नवे बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतले. आत जाऊन त्यांनी काकांच्या हातातला दगड घेतला आणि बरणीच्या बुडावर हाणला. बरणी दुभंगली. करडू शिंकलं, धडपडत उभं राहिलं आणि गुपचूपच्या काखेतल्या वहीचा कोपरा चघळू लागलं.

"पोरी, तुझ्यामुळे वाचलं गं माझं पिल्लू," काकांचे डोळे भरून आले.

"शहाणी आहेस," साहेब ओशाळून म्हणाले. "आणि जमिनीवरची आहेस."

तो शनिवारच होता. संध्याकाळी फोन आला तेव्हा तिनं बाबांना बोलूच दिलं नाही. सगळं एका दमात सांगितलं. "शेवट कळला मला, बाबा."

पलीकडे सामसूम.

"बाबा? कट झाला का?"

"नाही. आहे मी," बाबा म्हणाले. "लाइन कधीच कट होत नव्हती गं. मीच ठेवायचो. वाटायचं, शेवट बाकी राहिला तर पुढच्या शनिवारी तू माझी वाट बघशील."

तिनं करडानं चघळलेली वही उघडली.

"मी तशीही बघते, बाबा," ती म्हणाली. "आता राहिलेल्या सहा गोष्टींचे शेवट सांगा."

आणि पाच मिनिटं कधीच उलटून गेली, तरी फोन चालूच राहिला.