सातवी खुंटी

मंगळवार, १० जानेवारी १९८४. हवा कोरडी, पहाटे थोडी थंडी, आकाशात ढग नाही. सकाळी साडेसातला, घोडपदेवच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर, लवू चहाचा कप हातात धरून भिंतीपुढे उभा होता. भिंतीला ओल आली होती.

पावसाळ्यात आली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. पण जानेवारीत? आणि दहाच दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने खोलीला चुना मारला होता. कमलचं गावाहून पत्र आलं होतं. माघी गणपतीआधी नलूला घेऊन येते, पण खोली कोरडी असेल तरच. पोरीच्या छातीला ओल सोसणार नाही, डॉक्टरांनी बजावलं आहे. ओल असेल तर तसं कळवा, आम्ही इथंच राहतो. लवू दीड वर्ष एकटा राहत होता. ते पत्र त्याने इतक्यांदा उघडलं होतं की घडीवर फाटत आलं होतं.

गिरण्यांच्या संपाआधी या खोलीत त्याच्यासकट सात गडी राहायचे. प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी, खुंटीला पिशवी, खाली वळकटी. खुंटी म्हणजे माणसाचा हक्क. गडी गावाला गेला तरी ‘माझी खुंटी काढा’ असा निरोप आल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, हा खोलीचा कायदा. संप लांबला तसे एकेक करून सगळे गावाला गेले. पाच जणांचे निरोप आले. धोंडूचा आला नाही. जाताना तो दारात थांबून एवढंच म्हणाला होता, “खुंटी रवांदे रे लवू. येतलंय मी.”

एक तारखेला चुना मारताना लवूने सगळ्याच खुंट्या उपटल्या. धोंडूचीही. भोकं सिमेंटने बुजवली, धोंडूची डब्याची पिशवी माळ्यावर टाकली. बायको-पोर नांदणार त्या खोलीत दुसऱ्या गड्याची खुंटी कशाला, एवढाच विचार. ओल नेमकी धोंडूच्या त्या सातव्या भोकापाशी आली होती.

मिलमध्ये लवू फोल्डिंग खात्यात होता. वीस वर्षं ताग्यावरचे डाग हुडकायचे, पेन्सिलीने घेरायचे, कापड बाजूला काढायचं. हाताची सवय हातातच राहिली. त्याने ओलीच्या कडेकडेने रेघ ओढली आणि आत तारीख-वेळ लिहिली.

तळमजल्यावरचे दगडूमामा जुने गवंडी. त्यांनी भिंत बोटांनी वाजवून पाहिली. वर मोरी नाही, भिंतीत नळ नाही, पलीकडे अंबिकाकाकींची खोली, तीही ठणठणीत. मामा म्हणाले, पोपडे खरवडून काढ, तारेच्या ब्रशने घास, शेगडी लावून आठ दिवस सुकव आणि मगच रंगाचं बघ. जाता जाता उंबऱ्यात वळले.

“ओल झाकू नको हां. पाणी कुठून येतं ते आधी शोध. झाकली की ती सरकते.”

लवूने खरवडलं, घासलं, शेगडी लावली. तो दुपारी चारला दादरला एका कापडाच्या दुकानात घड्या घालायला जायचा, तोवरचा वेळ हाताशी असायचा. रोज सकाळी तो रेघ ओढी, दुपारी निघताना पाही आणि रात्री परत येऊन पाही. चार दिवसांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ओल सकाळी सातनंतर भरायची. दुपारी तीनला विरू लागायची. रात्री तो यायचा तेव्हा भिंत कागदासारखी कोरडी. शेगडी पेटवा नाहीतर विझवा, वेळ चुकत नव्हती.

वासही चुन्याचा नव्हता. ओलं सूत, मशीनचं तेल आणि घाम. साचेखात्याचा, मागांवरचा वास. धोंडू साचेखात्यात तिसऱ्या पाळीला होता. सकाळी सातला सुटायचा, भिंतीला पाठ लावून पडायचा आणि दुपारी तीनपर्यंत झोपायचा. तेवढा वेळ खोलीत कुणी स्टोला पंप मारायचा नाही.

लवूने गणपतला, धोंडूच्या भावाला, पत्र टाकलं. धोंडू कसा आहे, खुंटीचं काय करू, एवढंच विचारलं. उत्तराची वाट मात्र पाहिली नाही. माघ जवळ येत होता. वीस तारखेला त्याने भिंतीवर ऑइलपेंटचे दोन हात मारले. भिंत आरशासारखी चकाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिकाकाकी कठड्यावर गोधडी झटकताना हसल्या. “काय रे लवू, कमल यायच्या आधी पाव्हणा कोण आणून ठेवलायस? सकाळभर घोरतो.”

“माझ्याकडे कोण नाही, काकी.”

“असूंदे, असूंदे. तिसऱ्या पाळीवाला दिसतो.” आणि मग त्यांचं हसू थांबलं, कारण तिसरी पाळी दोन वर्षं कुठेच नव्हती. चाळीला भोंग्याचा आवाजही आठवेनासा झाला होता. काकी गोधडी तशीच काखेत मारून आत गेल्या.

लवू खोलीत आला. रंगाखाली ओल सरकली होती. भोकापासून खाली उतरून जमिनीलगत आडवी झाली होती, साडेपाच फूट लांब, एका टोकाला गोल, मध्ये गुडघ्यात मुडपलेली. त्याने पेन्सिल घेतली आणि कडेने रेघ ओढत गेला. रेघ पुरी झाली आणि त्याला दिसलं, ओल रेघेवर ठरत नाही. केसभर बाहेर येते... मागे जाते. पुन्हा येते...

त्याने तळवा टेकवला. ओल थंड असते. ही कोमट होती.

“धोंडू...?” तो हळूच म्हणाला.

रेघेपाशी ओल थांबली. लवू श्वास धरून उभा राहिला. बाहेर उन्हात कुणाची तरी बादली खडखडली. मग ओल पुन्हा हलू लागली, आधीच्याच लयीत. हाक ऐकून माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो, तशी. लवू चपला हातात घेऊन पावलांचा आवाज न करता बाहेर पडला आणि तीन वाजेपर्यंत जिन्यावर बसून राहिला.

गणपतचं पत्र पंचवीसला आलं. ‘दादा दसऱ्यानंतर मुंबईस आला आहे. मिल बंद आहे असे सर्वांनी सांगितले, ऐकले नाही. लवूने खुंटी ठेवली आहे म्हणाला. पोचल्याचे पत्र अजून नाही. तुमच्याकडेच असेल, तरी त्यास लिहिण्यास सांगावे.’

त्या संध्याकाळी लवू दुकानात गेला नाही. बुजवलेलं भोक त्याने पटाशीने मोकळं केलं. जुनी खुंटी ठोकली. माळ्यावरची पिशवी उतरवली, डबा काढून घासला, पुसला, परत पिशवीत ठेवला आणि पिशवी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला भिंत कोरडी होती. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर रोज तळवा लावून पाहिल्यावर त्याने कमलला तार केली.

चार फेब्रुवारीला ती दोघं आली. कमलने खुंटी पाहून विचारलं, ही कुणाची? लवू म्हणाला, एका गड्याची आहे, राहू दे. सकाळी स्टो तेवढा बाहेर गॅलरीत पेटव. तिने स्टो उचलून गॅलरीत नेला.

रविवार, १२ फेब्रुवारी. हवा कोरडी. भिंत तिन्ही वेळा पाहिली, कोरडी. नलूला खोकला नाही. रात्री साडेअकराला पिशवी खुंटीला नव्हती. सोमवारी सकाळी साडेसातला होती. आत डबा. डबा खरकटा.