कोरा समजलेला रोल

दिवा जरा अलीकडे घ्या. समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही.

ह्यांना हृदयाचा झटका आला तेव्हा मी चहा सोडला होता. हे आपल्या पायांनी घरी येतील त्या दिवशीच घोट घेईन, असं देवापाशी बोलले होते. हसू नका. उपास मला कधी जड गेले नाहीत, पण चहात माझा अर्धा जीव. देवाने ऐकलं. सुनेच्या खांद्यावर हात टाकून का होईना, हे चालत घरी आले. डॉक्टरांनी मात्र निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय फार थकलंय, पुढचे दिवस नाजूक आहेत.

"आता पी बाई तुझा चहा," खुर्चीत टेकता टेकता हे म्हणाले, "तुझा चेहरा बघून पुन्हा झटका यायचा मला."

"बाबा, हलू नका!" सुनेने मोबाइल काढला. "असंच हसत राहा."

सुनेचं कामच ते. आजच्या मोबाइलने काढलेला फोटो जुन्या फिल्मवरचा वाटावा, असं सॉफ्टवेअर ती बनवते. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिचं काम बघत बसायला आवडतं. एकच दृश्य ती आधी जुन्या कॅमेऱ्याने टिपते, मग मोबाइलने. फिल्म धुवायला आणि फोटो छापायला आमची अडगळीची खोली घेतलीय. दारातून लाल उजेड आणि आंबट, औषधी वास येतो. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून तासन्‌तास बघत बसते. पांढरा रंग कुठे सायीसारखा होतो, दिव्याभोवती लाली किती पसरते, गालावरची सावली कशी मऊ पडते. तेवढं सगळं संगणकाला शिकवते. काल काढलेला फोटो माझ्या माहेरच्या ट्रंकेतून निघाल्यासारखा दिसायला लागतो. पोरीच्या हातात जादू आहे, दुसरं काय!

आणि त्या फोटोंना एक रवाळपणा असतो. ती त्याचं काहीतरी इंग्रजी नाव घेते, मी रवा म्हणते. काहीही न टिपलेली फिल्म धुतली की निव्वळ रवा हाती लागतो, तो मग संगणकावर कुठल्याही फोटोवर चढवता येतो. या वेळी तिने त्यासाठी माझ्या सासऱ्यांचा रोल घेतला होता. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या पेटीच्या तळाशी एक रोल राहिला होता, कोरा. निदान आम्ही तो कोरा समजलो.

ह्यांच्या फोटोवर सुनेने तो रवा चढवला आणि मला हाक मारली.

"आई, मागे कोण उभं होतं?"

फोटोत हे हसत होते. मागे स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. पुसट, जणू धुरातून दिसावी तशी. एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरलेली.

सून कपाळावर हात मारून हसली. "चुकलंच माझं! रोल कोरा नव्हता. आजोबांनी त्यावर आधीच कुणालातरी टिपलेलं असणार. तेच रव्याबरोबर उमटलं."

मला हायसं वाटलं. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, तिने पुन्हा ह्यांचा फोटो काढला. रवा चढवला आणि फोटो मोठा करून पडद्यावर झुकली. मी मागे जाऊन उभी राहिले. बाई दारात नव्हती. खुर्चीच्या पाठीशी आली होती. मान खाली, नजर ह्यांच्यावर.

"आई... मी फिल्मचा एकच तुकडा वापरलाय," सून कुजबुजली. "उमटली तर दर वेळी एकाच जागी उमटायला हवी. आणि अंगणाच्या फोटोत, तुमच्या फोटोत ती नाहीच... फक्त बाबांच्या."

"काय खुसफुस चाललीय सासू-सुनेची?" हे म्हणाले. "मलाही दाखवा की."

दाखवावं लागलं. ह्यांनी चष्मा चढवला आणि बघतच राहिले.

तुम्हाला सांगायला हवं. ह्यांची आई हे लहान असतानाच गेली. सासऱ्यांनी गावभरच्या बायकांचे फोटो काढले. घरच्या बाईला मात्र नेहमी 'उद्या काढू'. तिचा एकही फोटो नाही. चेहरा आठवत नाही, ही ह्यांची जन्मभराची खंत. आठवण एवढीच, की ती कोपर धरून दारात उभी राहायची.

"आई..." हे म्हणाले. मग अगदी शांतपणे मला विचारलं, "न्यायला आलीय का गं?"

खिडकीबाहेर उजेड विझत होता. ह्यांचा श्वास मला खोलीभर ऐकू येत होता, मध्येच अडकत, पुन्हा सुरू होत. लाल खोलीचा तो आंबट वास, दार बंद असूनही, खुर्चीपाशी दाटला होता.

"आई, काढून टाकते मी हा रवा," सून म्हणाली. बोट बटणावर होतं. "कायमचा."

"नको. इतक्या वर्षांनी ह्यांना आई दिसलीय, ती मी कशी पुसू?"

मी खुर्चीमागच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हात जोडले. कधी न पाहिलेल्या सासूशी पहिल्यांदाच बोलत होते. "सासूबाई, पोराला डोळे भरून बघा. या घरात फोटो निघेल तेव्हा तुमची जागा मोकळी ठेवीन, हा माझा नेम. पण ह्यांना नेऊ नका... हात ठेवायचाच असेल, तर माझ्यावर ठेवा."

मग मी ह्यांच्या शेजारी बसले, माझ्या दुसऱ्या बाजूला हातभर जागा सोडून. "काढ फोटो," सुनेला म्हटलं.

रवा चढवल्यावर त्या फोटोत खुर्चीमागे कुणी नव्हतं. बाई माझ्या बाजूला होती. आता तिने कोपर धरलेलं नव्हतं. एक हात माझ्या खांद्यावर होता.

तेवढ्यात ह्यांचा श्वास सुरळीत झाला. लहान मुलासारखे गाढ झोपले. आता हे बाजारात एकटे जाऊन येतात, आणि भाजी नासकी आणतात म्हणून माझी बोलणी खातात. सुनेने तो रवा जगाला दिला नाही, घरापुरता ठेवला. तेवढं शहाणपण तिच्यात आहे.

फक्त एक गोष्ट मी ह्यांना सांगितलेली नाही. त्या संध्याकाळचा मूळ फोटो, काहीच न चढवलेला, सुनेने मला नंतर दाखवला. त्यात बाई नाही. पण माझा लोकरीचा स्वेटर खांद्यावर दबलाय, चार बोटं रुतल्यासारखा... आणि अलीकडे काढलेल्या फोटोंत तो थोडा अधिकच दबलेला दिसतो.

असू दे. शब्द माझाच होता. तुमच्याही घरात कुणीतरी असेलच, ज्याचा फोटो काढायचा राहून गेला. एवढा नेम तुम्हीही धरा. फोटोला बसाल तेव्हा शेजारी हातभर जागा सोडा. आणि ती भरली का, हे मात्र वळून बघू नका.