बुजवलेलं भोक

ह्युबर्टने उभ्या आयुष्यात होडीला हात लावला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. समुद्रकाठच्या उत्तनचा असून गडी पाण्याला भ्यायचा. पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले आणि सुखात रिटायर झाला. अशा माणसाने अंगणात जुनी फायबरची मोटारबोट दुरुस्तीला काढावी, म्हणजे नवलच. पण बोट त्याच्या मुलाची होती. रेनॉल्ड तिच्यातून खोल पाण्यातल्या ट्रॉलरांवर डिझेल पोचवायचा. मागच्या वर्षी बोट परत आली, रेनॉल्ड आला नाही. त्याचं प्रेतही मिळालं नाही.

ह्युबर्टची बायको फ्लेव्हिया तेव्हापासून रोज रात्री लेकाचं ताट वाढून झाकून ठेवायची, आणि सकाळी ते अन्न कावळ्यांना घालायची. ह्युबर्टला ते बघवत नव्हतं. बोट नीट करून विकावी, म्हणजे हिचं वाट बघणं सुटेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

काशीमिऱ्याच्या दुकानदाराने चिरा बुजवायचं रेझिन देताना बजावलं होतं, "अंकल, हार्डनर कम डालना, नहीं तो डब्बे में ही पत्थर हो जाएगा." पहिल्या दोन डब्यांचा दगडच झाला. मग हात बसला. मेच्या उन्हात घासून घासून म्हाताऱ्याचे हात सोलवटले, अंगभर काचेची खाज. दिसेल ती चीर काचेच्या धाग्यांची मॅट लावून बुजवायची. बोटीच्या पाठीला, अगदी तळाशी, एक गोल भोक होतं. तेही त्याने तीन थर देऊन बुजवलं, आणि खुशीत चहात चमचाभर साखर जास्त घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन भरतीला, बोटीत पाणी दिसलं. पाऊस नाही, नळ लांब. त्याने करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट. त्याने सगळं उपसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा घोटाभर. आणि तळाच्या फळ्यांखालून आवाज... टक, टक. मग जरा थांबून, टक.

रेनॉल्ड फाटक असंच वाजवायचा. ह्युबर्ट फाटकापर्यंत जाऊन बघून आला, तिथे कोणी नव्हतं.

त्याने दत्तारामला बोलावलं. बोटींच्या इंजिनांत हयात गेलेला माणूस. तो बोटीभोवती फिरला आणि पाठीशी थबकला.

"ह्युबर्टभाऊ, इथलं भोक?"

"बुजवलं. फुटलेलं होतं."

"अहो, ते बुचाचं भोक. बोट जमिनीवर घेतली की बूच काढून ठेवतात. आत अडकलेलं तिथून बाहेर जातं... त्याला दुसरी वाट नसते."

फ्लेव्हिया दारात उभी होती. "मला रोज ऐकू येतंय," ती हळूच म्हणाली. "तो हाय आत. तू कोंडलंस त्याला."

ह्युबर्ट रडत रडत ड्रिल घेऊन बसला. थर फुटला आणि पाणी सुटलं. फळ्यांखाली मावेल त्याच्या दसपट पाणी, त्या उन्हातही बर्फासारखं गार, अंगणभर वाहत राहिलं. ओहोटी लागली तेव्हा थांबलं. टकटकही थांबली.

"गेला," ह्युबर्ट म्हणाला. "जाऊ दे आता त्याला, फ्लेव्हिया."

आतून रेनॉल्डचा टॉवेल आणून तिने बोटीच्या काठावर ठेवला. दर्यावरून आला की तो आधी टॉवेल मागायचा, आणि अंग पुसून दोरीवर न टाकता फाटकाला गाठ मारून ठेवायचा. त्यावरून मायलेकांचं रोज वाजायचं.

सकाळी ह्युबर्ट बोटीच्या गिऱ्हाईकाला फोन लावतच अंगणात आला. बोट कोरडी ठणठणीत होती. काठावर टॉवेल नव्हता. तो फाटकाला होता, गाठ मारलेला, आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. फाटकाची कडी रात्री त्याने लावली होती तशीच होती.

"फ्लेव्हिया... टॉवेल तू ठेवलास तिकडे?"

ती मोरीत बसून रात्रीचं ताट घासत होती. कावळे कुंपणावर ताटकळले होते. रेनॉल्डच्या खोलीचं वर्षभर उघडं असलेलं दार आतून लोटलेलं होतं.

"हळू बोल," मान वर न करता ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."