गवंडे सरांचा उजवा हात

त्या काळात मिरजेत दिव्याचं बटण दाबणारा माणूस शोधूनही सापडला नसता. जो तो कानामागे नखाएवढी कानपट्टी चिकटवून हिंडायचा. कानपट्टी म्हणजे रेडिओचा चिमुकला ट्रान्समीटर. हात उचलायचं मनात आलं की मेंदूत बारीकशी लहर उठते. हात खरोखर उचलला, तर पट्टी त्या लहरीकडे कानाडोळा करते. नाहीतर डोकं खाजवलं तरी पंखा फिरायला लागायचा! पण लहर उठली आणि हात जागचा हलला नाही, की पट्टी ती हवेत सोडते. दिव्यात, मिक्सरमध्ये, फाटकात बसवलेला रिसीव्हर ती पकडतो आणि मुकाट कामाला लागतो. असले रिसीव्हर लोक घरच्या घरी जोडायचे. सुटे भाग भाजीसारखे मिळत, आणि सोल्डर मारता आलं की झालं.

प्रमिलाबाई गवंडे यांनी तर तंत्रशाळेत सव्वीस वर्षं हेच शिकवलेलं. त्यांचे यजमान गवंडे सर भूगोलाचे मास्तर, आणि बोलघेवडे इतके की पत्ता विचारायला आलेल्या माणसाला चहा पाजून त्या गावचं पाऊसमानही सांगायचे. मेंदूत रक्तस्राव झाला आणि असा माणूस पुरता लुळा पडला, मान की पापणीही मनासारखी हलेना. वाचाही गेली. ऐकू येत होतं, दिसत होतं, कळत होतं. सांगता मात्र काहीच येईना. बाई रडल्या, पण रडत बसल्या नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी मनगटी बनवली. हा मनगटावर बांधायचा रिसीव्हर. लहर आली की तो हाताच्या स्नायूंना विजेचे हलके चिमटे काढतो आणि हात हलतो. सरांच्या कानामागे पट्टी, मनगटावर मनगटी. मधली तुटलेली वाट रेडिओनं ओलांडायची, एवढीच कल्पना.

पहिल्याच सकाळी सरांचा उजवा हात गादीवरून उठला आणि त्यानं बाईंची बोटं घट्ट धरली. बाईंच्या जिवात जीव आला.

मग त्या हाताचं कौतुक गल्लीभर झालं. 'हो'ला एक दाब, 'नाही'ला दोन, अशी दोघांची भाषा ठरली. बाईंचे डोळे भरून आले की हात ते पुसायचा. बाई बाजाराला गेल्या की मात्र निपचित पडायचा, तेव्हा बाई शेजारणीला लाजत सांगायच्या, माझ्याशिवाय करमत नाही हो त्यांना. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी स्वरसेतूचं ऑपरेशन सुचवलं. त्यानं वाचा परत येते. पण झटक्यानंतर सहा महिन्यांच्या आतच करावं लागतं, आणि चारांतला एक टेबलावरच जातो. बाईंनी सरांचा हात हातात घेऊन विचारलं, करायचं का? दोन दाब. आठवड्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. देवापुढे साखर ठेवली बाईंनी त्या दिवशी.

आठव्या महिन्याच्या अखेरीला पुण्याहून डॉक्टर रेहाना मुजावर आल्या. त्या मज्जासंस्थेच्या संशोधक. घरी बनवलेली मनगटी इस्पितळातल्या यंत्रापेक्षा सरस चालते, याचं त्यांना नवल वाटलं होतं. सरांना नमस्कार करून त्यांनी सरांची कानपट्टी अलगद सोडवली आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली. बाई दोन्ही हातांत चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. सरांची चादर घसरली होती. कुणीतरी नीट करायला हवी, असं बाईंच्या मनात आलं, आणि सरांच्या हातानं चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"बघा, किती टापटीप," बाई कौतुकानं म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "सरांची पट्टी माझ्या हातात आहे."

ट्रे कसाबसा टेबलावर टेकला. डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली: मनगटी आधी कुणावर तपासली होती? कुणावर म्हणजे? बाईंनी स्वतःच्याच पट्टीवर तपासली होती, टेबलाशी बसून. सगळेच तपासतात.

आणि तिथंच घोळ झाला होता. रिसीव्हर पहिल्यांदा ज्या पट्टीची लहर ऐकतो, तिचाच होऊन राहतो. नाहीतर शेजाऱ्याच्या मनात आलं की आपला दिवा विझेल. याला म्हणतात गाठ. पट्टी बदलायची तर बटण दाबून जुनी गाठ आधी सोडवावी लागते, नाहीतर नवी पट्टी कितीही ओरडो, रिसीव्हर ढिम्म. म्हणून पहिल्या धड्याचा पहिला नियम: ट्रान्समीटर काढून बघा, वस्तू गप्प होते का. सव्वीस वर्षं बाईंनी तो फळ्यावर लिहिला होता. पण अहो, त्या हातानं बोटं धरल्यावर कुठल्या बाईच्यानं नवऱ्याची पट्टी काढून खात्री करवली असती?

म्हणजे डोळे पुसले ते बाईंनीच. 'नाही' म्हटलं तेही त्यांच्याच भीतीनं. आणि आठ महिने तो माणूस शुद्धीवर पडून आपलाच हात परक्याच्या मर्जीनं हलताना बघत होता, आणि वर बायकोच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकत होता.

डॉक्टर म्हणाल्या, आज राहू द्या, उद्या मी स्वतः करते. बाईंनी ऐकलं नाही. सरांच्या कानामागे पट्टी परत लावली, मनगटीचं बटण दाबून धरलं, जुनी गाठ सोडली, नवी बांधली. बराच वेळ काही घडेना. मग बोटं थरथरली. आधीच्या हाताची सफाई यात नव्हती. हा हात तान्ह्या मुलासारखा चाचपडत होता.

बाईंनी तो हातात घेतला.

"अहो, ऑपरेशन करायचं होतं तुम्हाला?"

एक दाब. कमजोर, पण एकच.

डॉक्टरांनी मान खाली घातली. सहा महिन्यांची मुदत उलटून दोन महिने झाले होते. बाई पलंगाशी खाली बसल्या आणि त्यांनी कपाळ गादीच्या कडेला टेकवलं.

मग तो हात थांबत थांबत त्यांच्याकडे सरकला. केसांना लागला, गालावरून घसरला, पुन्हा वर चढला. बाईंना वाटलं, थोपटतायत. हात थोपटत नव्हता. बोटं कानामागे शिरली, बाईंच्या पट्टीची कड त्यांनी चिमटीत धरली आणि ती ओढायला लागली. जोर पुरत नव्हता, चिमूट पुन्हा पुन्हा सुटत होती. बाईंनी डोळे मिटले आणि त्याला सोपं जावं म्हणून डोकं आणखी जवळ नेलं.